मेंटॉर नेमला म्हणजे नेमकं काय झालं?

कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की महिन्याभरात अनेक पालकांच्या फोनवर एक मेसेज येतो. ‘आपल्या पाल्यासाठी मेंटॉर म्हणून प्रा. अमुक यांची नियुक्ती करण्यात आली आहे.’ खाली मोबाइल नंबर आणि कधीकधी एक गूगल फॉर्म. मग घरात तर्क सुरू होतात. हे क्लास टीचरच का? याची वेगळी फी आहे का? आपल्या पोरानं काही उद्योग केले म्हणून तर नाही ना मागे माणूस लावला? पोराला विचारावं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, “काही नाही गं, सही करायला बोलावतात.”

त्याच्या उत्तरात बरंच तथ्य आहे. पण ही कल्पना सहीपुरती नाही. तिच्यावर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं प्रयोग झालेत आणि काहींचे निष्कर्ष चक्रावून टाकणारे आहेत.

हे खूळ आलं कुठून?

एक वाट आहे नॅकची. कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणारी ही राष्ट्रीय संस्था कॉलेजांना विचारत आली आहे की तुमच्याकडे किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर आहे. आपल्याकडे वरून आकडा मागितला की खाली आकडा तयार होतो. त्यामुळे याद्या झाल्या, वह्या झाल्या, प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस-पंचवीस नावं आली.

दुसरी वाट गंभीर आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लास, वसतिगृहं अशा सगळ्यांसाठी १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली गाजलेली सूचना. तिच्या जोडीला आणखी एक आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मेंटॉर किंवा समुपदेशक नेमून द्यावेत, खास करून परीक्षेच्या दिवसांत आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना. आणि हा आधार सातत्याचा, अनौपचारिक आणि गोपनीय असावा.

अनौपचारिक आणि गोपनीय हे एक वेळ जमेल. सातत्य म्हटलं की घोडं पेंड खातं.

मेंटॉर करतो काय?

मेंटॉर म्हणजे घरचा नसलेला, अनुभवानं चार पावलं पुढे असलेला माणूस, जो एका ठरावीक मुलाला किंवा मुलीला बराच काळ नियमित भेटतो आणि तिचं पुढे काय होतंय यात रस घेतो. एवढंच. तो समुपदेशक नाही. मुलीला झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तिला प्रशिक्षित माणसाकडे घेऊन जाणं हे त्याचं काम, स्वतः उपचार करणं नव्हे. तो क्लासवाला सर नाही, त्यामुळे गणित सुटलंच पाहिजे अशी त्याच्यावर सक्ती नाही. आणि सभागृहात दोन तास बोलून टाळ्या घेऊन जाणारा प्रेरणादायी वक्ता तर तो मुळीच नाही. वक्त्याला समोरच्या तीनशे पोरांपैकी एकाचंही नाव माहीत नसतं.

“आईबाप आहेत, शिक्षक आहेत. आणखी माणूस कशाला?”

हा आक्षेप रास्त आहे. ज्या घरात आई बँकेत, बाबा इंजिनिअर, मामा पुण्यात प्राध्यापक, तिथे मेंटॉरचं बरंचसं काम जेवताना गप्पांत उरकलेलं असतं. ‘हा विषय सोडू नकोस, पुढे लागतो’, ‘इंटर्नशिपसाठी जानेवारीतच मेल टाक’, ‘त्या सरांना जाऊन भेट, ओरडतात पण मदत करतात’. ही माहिती कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

पहिल्यांदा एकट्यानं मोठ्या एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाची गत आठवा. फलाटांवर पाट्या आहेत, चौकशीची खिडकी आहे, वेळापत्रक रंगवलेलं आहे. तरी कुठली गाडी खरंच येते, कुठली फक्त पाटीवर आहे, विनावाहक गाडीचं तिकीट आधी काढावं लागतं, मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला गेलाय, हे सगळं रोजच्या प्रवाशाला माहीत असतं आणि नवख्याला नसतं. नवखा अडाणी नसतो. त्याला सांगणारं कुणी नसतं, इतकंच. घरातला पहिलाच पदवीला जाणारा मुलगा कॉलेजात असा उतरलेला असतो.

उदाहरण शिष्यवृत्तीचंच घ्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज पहिल्या वर्षी कुणीतरी भरून देतं. दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण आपणच करायचं असतं, हे अनेकांना मुदत उलटल्यावर कळतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खातं गावच्या शाखेत, कधीतरी वडिलांनी उघडलेलं, आणि केवायसी अभावी बंद पडलेलं. नॉन-क्रिमी लेअरची मुदत संपलेली. जात पडताळणीचा दाखला अजून समितीकडे. यातली एकेक गोष्ट अर्ध्या दिवसाच्या कामाची आहे, पण ती कुठल्या क्रमानं करायची हे माहीत नसेल तर अख्खं वर्ष जातं. मग पोरगा घरी सांगतो, “शिष्यवृत्ती नाही मिळाली,” आणि घरचे समजतात की गुण कमी पडले.

एटीकेटीचंही तसंच. एक विषय राहिला म्हणजे वर्ष बुडालं असं समजून गावी निघून गेलेली मुलं आहेत. पुढच्या वर्गात बसता येतं, विषय नंतर सोडवता येतो, हे मुंबई-पुण्याच्या पोरांना इतकं उघड वाटतं की कुणाला हे सांगायला हवं असं त्यांच्या मनातही येत नाही.

शिक्षकांबद्दल म्हणाल तर, एका वर्गात ऐंशी-शंभर मुलं. शिक्षक वर्गाला शिकवतो. मेंटॉरनं एका मुलाकडे पाहायचं असतं. माणूस तोच असू शकतो, काम वेगळं.

चर्नी रोडच्या बागेतला मुलगा

महाराष्ट्राला या कामाचं उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी जात, तिथे एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली. मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. पुढे मुलाच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं.

गोष्ट इथेच थांबवायची आपल्याला सवय आहे, कारण पुस्तक देणं हे दिसायला सुंदर आहे आणि त्याचे धागे १९५६ पर्यंत जाऊन पोचतात. पण मेंटॉरिंगच्या दृष्टीनं मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. इंटरची परीक्षा झाली आणि पैसे संपले. वडील रामजी सुभेदारांना पुढचा खर्च झेपेना. केळुसकर त्या मुलाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या आधारावर १९१२ साली बी.ए. झालं, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ.

केळुसकरांनी बुद्धी दिली नाही, ती होतीच. पैसेही त्यांनी दिले नाहीत. सयाजीराव मदत करतात हे त्यांना माहीत होतं, तिथपर्यंत पोचता येण्याइतकी त्यांची ओळख होती, आणि ती ओळख त्यांनी या मुलासाठी वापरली. आणि ही काही एका दिवसाची कृपा नव्हती. बागेतल्या पहिल्या भेटीपासून महाराजांच्या भेटीपर्यंत मधे काही वर्षं गेली होती.

“असामान्य मुलाचं उदाहरण देऊन काय सिद्ध होतं?”

काहीच नाही. आंबेडकरांसारखा मुलगा केळुसकर भेटले नसते तरी पुढे आलाच असता, असं कुणी म्हटलं तर खोडून काढता येणार नाही. म्हणून साध्या मुलांवरचे, नीट मोजलेले प्रयोग पाहावे लागतात.

मोजणं सोपं नसतं. मेंटॉर असलेली मुलं पुढे बरी निघाली, तर ते मेंटॉरमुळे की मुळात धडपडी मुलंच मेंटॉर गाठतात म्हणून? यावर उपाय एकच: इच्छुक मुलांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांना मेंटॉर द्यायचा, निम्म्यांना थांबवायचं आणि नंतर दोन्ही गट ताडून पाहायचे.

अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातल्या अर्नेस्ट कोल्टर नावाच्या कारकुनाच्या पुढाकारातून ती उभी राहिली. रोज समोर उभी राहणारी पोरं पाहून त्यांनी ओळखीच्या गृहस्थांना विनवलं की एकेकानं एकेका मुलाची जबाबदारी घ्या. या संस्थेत १९९० च्या दशकात अशीच चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. आठ ठिकाणची १० ते १६ वयोगटातली ९५९ मुलं. निम्म्यांना मेंटॉर मिळाले, बाकीची १८ महिने प्रतीक्षायादीवर. १९९५ साली निकाल आले. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये नव्यानं अमली पदार्थांना हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी, दारू सुरू करण्याचं २७ टक्क्यांनी कमी, शाळेला दांडी मारण्याचं ५२ टक्क्यांनी कमी.

आकडे डोळे दिपवतात, म्हणून जरा सावकाश. ४६ टक्क्यांनी कमी म्हणजे १०० पैकी ४६ मुलं वाचली असं नाही. थांबवलेल्या गटातही नशेला सुरुवात करणारी मुलं शंभरात साधारण अकरा-बारा होती, मेंटॉर मिळालेल्यांत ती सहाच्या आसपास आली. शिवाय ही मुलांनी स्वतःबद्दल दिलेली माहिती. तरीही, महिन्यातून तीनेक वेळा कुणीतरी येऊन फिरायला नेतं, गप्पा मारतं, एवढ्यानं हे घडत असेल तर ते थोडं नाही.

पुढे असे अनेक अभ्यास झाले. २०१९ साली ७० अभ्यास एकत्र करून संशोधकांनी सरासरी काढली, तर परिणाम निघाला खरा, पण लहान. किती लहान? मेंटॉर असलेला एक मुलगा आणि नसलेला एक मुलगा असे कुठलेही दोन उचलले, तर शंभरातल्या ५६ वेळा मेंटॉरवाला पुढे दिसेल. काहीच परिणाम नसता तर हा आकडा ५० असता. मेंटॉरिंगनं आयुष्यं बदलतात असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हा ५६ खिशात ठेवावा. आणि ‘सगळं थोतांड आहे’ म्हणणाऱ्यांनीही ठेवावा.

“फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही?”

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना धक्का देतं.

१९३९ साली अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारच्या दोन गावांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. कल्पना हार्वर्डचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांची. गरीब वस्त्यांतले ५०६ मुलगे निवडले, सारखीसारखी परिस्थिती पाहून त्यांच्या जोड्या लावल्या, आणि जोडीतला कुणाला मार्गदर्शक मिळणार हे नाणं उडवून ठरवलं. मार्गदर्शक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात. अभ्यासात मदत, दवाखान्यात नेणं, घरच्यांशी बोलणं, उन्हाळ्यात शिबिरं. सरासरी साडेपाच वर्षं हे चाललं.

तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं ही सगळी माणसं हुडकून काढली. मदत मिळालेल्या गटातल्या बहुतेकांनी आपल्या मार्गदर्शकांची प्रेमानं आठवण काढली. दोनतृतीयांश जणांनी सांगितलं की आम्हाला फायदा झाला. मग मॅककॉर्डबाईंनी नोंदी तपासल्या: न्यायालयाच्या, दवाखान्यांच्या, मृत्यूच्या. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष छापला. मदत मिळालेला गट काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होता. दारूचं व्यसन जास्त, एक गुन्हा करून दुसरा करणारे जास्त, मानसिक आजार जास्त, आणि लवकर मेलेलेही जास्त.

असं का व्हावं? मॅककॉर्डबाईंनी काही शक्यता मांडल्या. बाहेरच्या माणसावर विसंबायची सवय लागली आणि तो गेल्यावर पाय लटपटले. मोठ्या अपेक्षा जाग्या केल्या, त्या पुऱ्या करण्याची सोय मात्र कुणाकडे नव्हती. ‘आपल्याला मदत लागते म्हणजे आपल्यातच काही खोट आहे’ हे मुलाच्या मनानं घेतलं. पुढे १९९९ साली आणखी एक धागा सापडला: नुकसान मुख्यत्वे त्या मुलांचं झालं होतं ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलं. वाया जाण्याच्या बेतात असलेली पोरं एकत्र कोंबली की ती एकमेकांकडूनच शिकतात. आपल्याकडे नापास मुलांची वेगळी तुकडी काढण्याची हौस असलेल्या संस्थांनी हे वाचायला हरकत नाही.

या प्रयोगातून मला खटकते ती दुसरीच गोष्ट. मुलांना बरं वाटलं होतं आणि मार्गदर्शकांनाही. आपल्याकडचे मेंटॉरिंगचे बहुतेक अहवाल ‘विद्यार्थ्यांना कसं वाटलं’ एवढंच विचारून संपतात. १ ते ५ चांदण्या.

वर्षभरही न टिकणारा मेंटॉर

वर सांगितलेल्या १९९० च्या दशकातल्या चाचणीची माहिती जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधिकांनी पुन्हा उलगडून पाहिली आणि २००२ साली छापली. एक वर्ष किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये फायदे सर्वाधिक होते. कमी टिकलेल्यांत ते विरळ होत गेले. आणि तीन महिन्यांच्या आत ज्यांचे मेंटॉर निघून गेले, त्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षा घसरली होती.

विचार केला तर यात नवल नाही. ज्या मुलाच्या आयुष्यातून मोठी माणसं आधीच निघून गेली आहेत, कुणी वारलं, कुणी सोडून गेलं, कुणी कामाला परगावी, त्याच्यापुढे आणखी एक माणूस येतो, ‘मी आहे’ म्हणतो आणि दिवाळीनंतर फोन उचलत नाही. मुलगा काय अर्थ काढणार? मेंटॉरची बदली झाली, हा अर्थ तो काढत नाही.

आता हा निष्कर्ष आपल्या कॉलेजात आणून ठेवा. अनेक कॉलेजांत शिकवणाऱ्यांचा मोठा भाग तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे तासामागे पैसे, नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. मानधनही महिनोन्‌महिने लांबतं. अशा प्राध्यापकाला तुम्ही पंचवीस मुलांचा मेंटॉर नेमलंत. तो बिचारा स्वतःच पुढच्या जूनमध्ये कुठे असेल हे सांगू शकत नाही, तो मुलाला सातत्य कुठून देणार? एकाच वेळी दोन कॉलेजांत तास घेऊन तो एसटीनं धावतोय. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि मेंटॉरचा आकडा मात्र पुरा हवा, हे गणित बसवायला घेतलं की सह्यांची वही जन्माला येते.

अशी एक वही मी पाहिली आहे. रकाने चार: दिनांक, विद्यार्थ्याची अडचण, दिलेला सल्ला, सही. अडचणीच्या रकान्यात ओळीनं ‘इंग्रजी कठीण वाटते’, खाली तेवीस वेळा तदैव चिन्ह. सल्ल्यात ‘नियमित वाचन करण्यास सांगितले’. सगळ्या सह्यांचा निळा रंग एकच, तारीख एकच, आणि ती तारीख रविवारची.

“अनोळखी माणूस आणि लहान मुलं, हे सुरक्षित आहे का?”

आपोआप नाही. दिल्ली सरकारनं ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘देश के मेंटॉर’ नावाची योजना सुरू केली. सरकारी शाळांतल्या नववी ते बारावीच्या मुलांशी स्वयंसेवकांनी फोनवर बोलायचं. हेतू चांगला, प्रतिसाद मोठा. पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं आक्षेप घेतला: स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी कुठे आहे? मुलीला बाईच मेंटॉर दिली एवढ्यानं ती सुरक्षित होत नाही. आयोगानं योजना थांबवण्याची शिफारस केली. त्यात राजकारण किती होतं यावर वाद घालता येईल, आक्षेपात मात्र तथ्य होतं. चांगल्या संस्था मेंटॉर घेण्याआधी पडताळणी करतात, भेट उघड्या जागी ठरवतात, पालकांना माहिती देतात, आणि दोघांवर लक्ष ठेवणारा तिसरा माणूस नेमतात. कॉलेजातही ‘केबिनमध्ये एकटी ये’ म्हणणारा मेंटॉर नको. मुलगी म्हणाली की मला मेंटॉर बदलून द्या, तर कारण न विचारता बदलून द्यावा.

मग सगळ्यांनाच नेमून उपयोग आहे का?

जर्मनीत ‘रॉक युअर लाइफ’ नावाची योजना आहे. विद्यापीठातले विद्यार्थी शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना एकास एक भेटतात. अर्थशास्त्रज्ञांनी दहा शहरांत ३०८ मुलांवर चिठ्ठ्या टाकून तपासलं. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांमध्ये गणिताचे गुण, धीर धरण्याची वृत्ती, पुढे काय काम करायचं याची जाण, या सगळ्यांत मिळून ठळक सुधारणा दिसली. ज्यांचं घर भक्कम होतं त्यांच्यावर परिणाम दिसला नाही.

यावरून सरळ निघणारी गोष्ट आपल्याकडे कुणी करत नाही. पटसंख्या भागिले प्राध्यापक करून प्रत्येकाला पंचवीस वाटण्यापेक्षा, ज्या दोनशे मुलांना गरज आहे ती शोधून त्यांना पाच-पाचच्या गटानं टिकाऊ माणूस द्यावा. यादी करणं अवघड नाही: घरात पहिलाच पदवीला आलेला, वसतिगृहात राहणारा, पहिल्या सत्रात दोन विषय राहिलेला. फक्त यादी भिंतीवर लावू नये. कॅबटसाहेबांच्या प्रयोगातली ‘आपल्यातच खोट आहे’ ही भावना तिथूनच सुरू होते.

चांगला मेंटॉर बोलतो तरी काय?

कमी बोलतो. पहिले दोन-तीन महिने तर चहा, मॅच, गावाकडचा पाऊस, मेसचं जेवण. घाईनं ‘तुझं ध्येय काय’ विचारणाऱ्या मेंटॉरला मुलं यूपीएससी सांगून मोकळी होतात.

चूक दाखवण्याची वेळ आली की मात्र कसब लागतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शिक्षकांनी मुलांच्या निबंधांवर नेहमीसारख्या लाल खुणा केल्या. काही वह्यांवर एक चिठ्ठी जोडली, अशा अर्थाची: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या गाठशील याची मला खात्री आहे, म्हणून या सूचना करतोय. उरलेल्यांवर नुसतं, ‘तुला अभिप्राय मिळावा म्हणून या सूचना’. खात्रीची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी कितीतरी जास्त मुलांनी निबंध पुन्हा लिहून आणला. फरक सर्वांत जास्त पडला तो कृष्णवर्णीय मुलांमध्ये, ज्यांना शिक्षकाच्या हेतूबद्दल आधीपासून शंका होती. नुसतं गोड बोलून हे होत नाही. लाल खुणा दोन्ही वह्यांवर तेवढ्याच होत्या.

आपल्याकडे एक तर ‘छान, छान’ नाहीतर ‘तुझ्यानं होणार नाही, बीए कर’. मधलं वाक्य कुणी शिकवतच नाही: “हे अजून कच्चं आहे. तुला जमेल. गुरुवारी परत आण.” आणि गुरुवारी मेंटॉर जागेवर हवा.

नेमलेला मेंटॉर कागदावरच असेल तर?

पालकांनी कॉलेजला दोन प्रश्न विचारावेत. एका मेंटॉरकडे किती मुलं आहेत? आणि दुसऱ्या वर्षी हेच मेंटॉर राहणार का? उत्तर गोलमोल आलं तर वाद घालत बसू नये. मुलाला सांगावं, आपला माणूस आपणच शोध.

हा सल्ला हवेतला नाही. अमेरिकेत शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांसाठी एक निवासी कार्यक्रम आहे, त्यात मेंटॉर संस्था नेमत नाही, तरुणच आपल्या ओळखीच्या मोठ्या माणसांतून निवडतो. कार्यक्रमात आल्यापासून तीन वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक जोड्यांचा संपर्क टिकलेला होता, आणि ज्यांचा टिकला ते तरुण जास्त सावरलेले होते. निवड आपली असली की दोघंही तिला धरून राहतात.

माणूस प्राध्यापकच हवा असं नाही. ग्रंथपाल असतात, ज्यांना कोण रोज वाचनालयात बसतं हे नेमकं माहीत असतं. लॅब असिस्टंट असतात. एनएसएसचे सर, गावाकडची नर्सताई, दोन वर्षं पुढे असलेला, त्याच तालुक्यातला दादा. ‘माझे मेंटॉर व्हाल का’ असं विचारायची गरज नाही, लोक बिचकतात. “सर, एक फॉर्म दाखवायचा होता, दहा मिनिटं मिळतील का?” एवढं पुरे. दहा मिनिटांचं काम झालं की दोन आठवड्यांनी जाऊन सांगायचं, काम झालं. बहुतेक मुलं हे दुसरं करत नाहीत, आणि ओळख तिथेच सुटते.

मेंटॉर व्हायची इच्छा असलेल्यांसाठीही एक गोष्ट. वर्षभर, पंधरा दिवसांतून एकदा तरी, वेळ देता येणार असेल तरच नाव द्या. मधे जावं लागणार असेल तर आधी सांगा, आणि पुढच्या माणसाशी गाठ घालून द्या. तेवढी सवड नसेल, परदेशी पोस्टिंग तोंडावर असेल, तर कुणा मुलाला ‘मी आहे’ म्हणू नका. एक शनिवार काढा, जवळच्या वसतिगृहात जा, आणि दहा पोरांचे महाडीबीटीचे अर्ज त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याकडून भरून घ्या.